हयात असाल तरच : १८५१ च्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाचं प्रकरण

अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे आणि पुणे जिल्ह्यात भीमेच्या काठी कोरेगाव. दोन्ही गावांची नावं इंग्रजांच्या एकाच चांदीच्या पदकावर आहेत आणि दोन्हींमधल्या ‘गाव’चं तिथे ‘गॉम’ झालेलं आहे : अर्गॉम, कॉरिगॉम. त्याच पदकावर असई आहे, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी आणि नागपूरही आहे. पदकाला अडकवायच्या लढाईच्या नावाच्या पट्ट्या एकूण एकवीस मंजूर झाल्या. मोजून पाहिलं तर त्यांतल्या दहा आजच्या महाराष्ट्रातल्या निघतात. असीरगड आणि महिदपूर मध्य प्रदेशात असले तरी लढाया मराठ्यांशीच झालेल्या. असं असूनही मराठी घरांत या पदकाचं नाव सहसा कुणाच्या तोंडी नसतं. असं का झालं, हा या प्रकरणातला मला पडलेला प्रश्न. माझ्या मते त्याचं उत्तर पदकाच्या ठशात आणि ते वाटण्याच्या नियमांत सापडतं.

आधी वस्तू पाहू. व्यास ३६ मिलिमीटर, म्हणजे तेव्हाच्या रुपयापेक्षा थोडं मोठं. शुद्ध फिकट निळ्या रंगाची रिबिन. छाप्याच्या बाजूला राणी व्हिक्टोरियाचं तरुण मस्तक आणि भोवती ‘व्हिक्टोरिया रेजिना’. काट्याच्या बाजूला बसलेली विजयदेवता, हातांत लॉरेलची फांदी आणि पानांचं कडं, शेजारी ताडासारखं झाड, शस्त्रांचा ढीग. वर इंग्रजीत ‘टू द आर्मी ऑफ इंडिया’ आणि खाली १७९९–१८२६.

हे ठसे विल्यम वायनचे. वायन हा लंडनच्या टांकसाळीतला प्रमुख खोदकाम करणारा. राणीचा चेहरा धातूवर कसा दिसायचा हे जवळजवळ त्याच्याच हातानं ठरवलं. १८४० मध्ये निघालेल्या पहिल्या टपाल तिकिटावरचं राणीचं चित्रही त्याच्याच १८३७ च्या एका पदकावरून घेतलेलं. कंपनी सरकारनं त्याच १८४० सालापासून पाडलेला राणीछाप रुपयाही त्याच्याच कोरीव कामातून आलेला. म्हणजे १८५१ मध्ये एखाद्या पेन्शनर जमादाराच्या हातात हे पदक पडलं असेल तर त्यावरची बाई त्याला अनोळखी नव्हती. दर महिन्याला पेन्शनच्या रुपयावर तो तिला पाहतच होता. पदकाचं साल आणि वायनच्या मृत्यूचं साल एकच, १८५१.

या पदकावर दोन तारखा आहेत आणि दोन्ही बाजूंना एकेक विसंगती आहे. पहिली, १७९९ हे साल. त्या साली श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. पण पदकाच्या एकवीस पट्ट्यांत १७९९ ची एकही नाही. सर्वांत जुनी पट्टी अलीगडची, ४ सप्टेंबर १८०३ ची. श्रीरंगपट्टणसाठी वेगळं पदक १८०८ मध्येच वाटून झालेलं. म्हणजे ठशात कोरलेली सुरुवात आणि प्रत्यक्षातली सुरुवात यांत चार वर्षांची फट आहे आणि ती तशीच राहिली. दुसरी विसंगती छाप्याच्या बाजूची. व्हिक्टोरियाचा जन्म २४ मे १८१९ चा. एकवीसपैकी एकोणीस पट्ट्या तिच्या जन्माआधीच्या लढायांच्या आहेत! असईला जे लढले ते तिच्या आजोबांच्या, तिसऱ्या जॉर्जच्या नावानं लढले. पदकावर मात्र नात बसली, कारण पदक देणारी ती होती.

आणि ‘आर्मी ऑफ इंडिया’ म्हणजे नक्की कुठलं सैन्य? १८०३ मध्ये असं काही नव्हतं, १८५१ मध्येही नव्हतं. बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा तीन इलाख्यांची तीन वेगळी सैन्यं होती. त्यांचे पगार, भरती आणि शिस्तीचे रिवाजही वेगळे. बरोबर इंग्लंडच्या राजाच्या पलटणी असायच्या त्या आणखी निराळ्या. हे तीन इलाखे मोडून एक हिंदी सैन्य झालं १८९५ मध्ये. पदकानं ज्या सैन्याला उद्देशून मजकूर कोरला ते कागदोपत्री जन्माला यायला अजून चव्वेचाळीस वर्षं होती.

इतक्या उशिरा का

हे पदक निघण्याचं कारण हिंदुस्थानात नव्हे, युरोपात आहे. नेपोलियनशी लढून परतलेल्या साध्या सैनिकांना कित्येक वर्षं काहीच मिळालं नव्हतं. सेनापतींना आणि बड्या अधिकाऱ्यांना सोन्याची पदकं मिळाली, वॉटर्लूच्या सगळ्या सैनिकांना मिळालं. पण स्पेन-पोर्तुगालात वर्षानुवर्षं चालत गेलेल्या शिपायांच्या छातीवर काही नव्हतं. ड्यूक ऑफ रिचमंड यांनी हा विषय लावून धरला. विरोध होता तो खुद्द वेलिंग्टनचा. शेवटी १८४७ मध्ये त्या जुन्या लढायांसाठी पदक मंजूर झालं, लढाईगणिक नावाची पट्टी आणि हयात असेल त्यानंच मागायचं या बोलीवर. मग हिंदुस्थानात लढलेले जुने लोक विचारणारच, आमचं काय? १८५१ मध्ये राणीच्या मंजुरीनं आणि कंपनीच्या खर्चानं त्यांनाही मिळालं. नियम १८४७ चेच उचलले.

इथे वेलिंग्टनची जागा गमतीची आहे. १८५१ मध्ये तो ब्रिटिश लष्कराचा सरसेनापती होता आणि असई, अडगाव, गाविलगड या तिन्ही पट्ट्यांच्या लढाया त्यानंच जिंकलेल्या, तो नुसता आर्थर वेलस्ली असताना. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, तुमची सर्वांत चांगली कामगिरी कुठली, तर तो वॉटर्लू न म्हणता असई म्हणाला अशी आख्यायिका इंग्रजांत अजून सांगतात.

हिंदी शिपायाच्या बाजूनं पाहिलं तर उशिराला आणखी एक पदर आहे. कंपनी शिपायांना पदकं देत नव्हती असं नाही. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातल्या कामगिरीसाठी १७८४ मध्ये ‘दख्खन’ पदक निघालं आणि ते फक्त हिंदी सैनिकांसाठी होतं. त्यावर फारसी मजकूर होता आणि ते दोरीनं गळ्यात घालायचं. पुढे म्हैसूर, सिलोन, इजिप्त, मॉरिशस बेटं, जावा, नेपाळ आणि ब्रह्मदेश अशा मोहिमांची पदकं शिपायांना मिळत गेली. मधल्या काळात १८०३ चं मराठा युद्ध झालं, १८१७-१८ चं झालं, पेशवाई बुडाली. पण या दोन युद्धांसाठी शिपायाला पदक नाही. समुद्र ओलांडून मॉरिशसला गेलेल्याला मिळालं आणि असईच्या तोफांवर चालून गेलेल्याला नाही. माझा कयास असा की समुद्रापार जायला शिपाई राजी नसत, म्हणून तिथे आमिष लागे. घरच्या लढाईला पगार पुरेसा होता. कारण काही असो, या दोन युद्धांत मराठ्यांविरुद्ध लढलेल्या शिपायासाठी १८५१ चं हे पदक पहिलं आणि शेवटचं.

जुन्या पदकांवर फारसी किंवा अरबी असायचीच. श्रीरंगपट्टणच्या पदकावर इंग्रजी सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे आणि वर निशाणावर अरबी अक्षरं आहेत. ब्रह्मदेशच्या पदकावर आव्याचा, म्हणजे तिथल्या राजधानीचा, हत्ती सिंहापुढे गुडघे टेकतो आणि मजकूर फारसीत. तेही ठसे वायनचेच. चित्रं उद्धट आहेत, पण ती ज्याला द्यायची त्याच्याशी बोलतात. गावातल्या एखाद्या काझीनं किंवा मुनशीनं ती वाचून दाखवली असती. १८५१ च्या पदकावर फारसी गेली, मोडी-मराठी कधी नव्हतीच. राहिली ती फक्त इंग्रजी. विजयदेवता ग्रीक-रोमन घराण्यातली, आणि हिंदुस्थान म्हणून काय, तर एक झाड. सिंह-वाघ गेले याचं दुःख नाही. पण एकवीस लढायांना एकच चित्र पुरवायचं ठरलं की ते कुठलंच राहत नाही. सगळं काम मग पट्टीवरच्या नावावर पडतं.

जगला तो मानकरी

वाटपाचा मुख्य नियम हा की अर्जदार जिवंत पाहिजे. असईला वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा होता. कोरेगावला वीसचा असलेला त्रेपन्नचा. एवढ्या लढायांत एवढी माणसं उतरली, पण पदकं निघाली साधारण साडेचार हजार. नेपाळ, ब्रह्मदेश, भरतपूर सगळं धरून. एका माणसाला जास्तीत जास्त सात पट्ट्या मिळाल्या.

अर्ज करायचा म्हणजे आधी कळायला हवं. ज्या गोऱ्या शिपायानं लंडनमध्ये किंवा आयर्लंडमधल्या खेड्यात पेन्शन खाल्ली त्याला वर्तमानपत्रातून, पेन्शनच्या कचेरीतून, जुन्या साथीदारांकडून कळलं असणार. कोकणातल्या किंवा तेलंगणातल्या खेड्यात परतलेल्या म्हाताऱ्या नाईकाला कळण्याची वाट एकच, पेन्शन वाटणारा अधिकारी. मुंबई इलाख्यात पेन्शनर शिपायांची मोठी वस्ती दापोलीला होती. आजही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्यामुळेच. तिथल्या माणसाला ही बातमी लवकर लागली असेल. मावळात एकटा राहणाऱ्याचं सांगता येत नाही. पेन्शन न घेता नोकरी सोडून गेलेला किंवा पलटण मोडल्यावर घरी आलेला तर सरकारच्या लेखी नव्हताच.

लढाईत पडलेल्याच्या घरी काही जाणार नव्हतं. आपल्याकडच्या जुन्या रिवाजाशी ताडून पाहावं म्हणून सांगतो. मराठी दरबारात तोडे मिळत, पोशाख मिळत, पालखीचा मान मिळे, गाव इनाम मिळे, हे जिवंतांचं. पण लढाईत मेलेल्याच्या मुलाबाळांना जी नेमणूक मिळे तिला ‘बालपरवेशी’ असा स्वतंत्र शब्दच होता. ती सगळ्यांना मिळे, वेळेवर मिळे असं मी म्हणत नाही. दप्तरात थकलेल्या नेमणुकांच्या तक्रारी काही कमी नसतील. तरी मेलेल्याचा हिशेब मांडायला रकाना होता. १८५१ च्या पदकात तो रकानाच नाही.

आणि एक गट नियमाच्या आधीच बाहेर राहिला. असईला वेलस्लीच्या बाजूला फक्त कंपनीचं आणि राजाचं सैन्य नव्हतं. पेशव्यांचे मराठी स्वार आणि म्हैसूरचे स्वार नदीच्या दक्षिणेला शत्रूच्या घोडदळावर नजर ठेवून उभे होते. हो, त्या दिवशी काही मराठे इंग्रजांबरोबर होते. बाजीरावानं आदल्याच वर्षी वसईचा तह करून इंग्रजांचा आसरा घेतला होता. हे स्वार कंपनीच्या हजेरीपटावर नव्हते आणि पदक कंपनीच्या व राजाच्या सैन्यापुरतं होतं.

पट्ट्यांची यादी

कुठल्या लढाईला पट्टी आणि कुठल्या नाही, हे ठरवणाऱ्यांनी मराठी मुलखात काय घेतलं आणि काय सोडलं ते पाहण्यासारखं आहे.

१८०३ मधून असई, असीरगड, अडगाव, गाविलगड घेतले. अहमदनगर सोडलं. वेलस्लीची दख्खनमधली सुरुवातच तिथे झाली. ८ ऑगस्टला पेठेच्या तटावर शिड्या लावल्या आणि १२ तारखेला किल्ला हाती आला. हा हल्ला पाहून मराठा सरदार गोखल्यांनी काढलेले उद्गार इंग्रजी ग्रंथांत मोठ्या कौतुकानं दिलेले असतात : ही माणसं सकाळी आली, तटावरून चालत गेली, आतले कापले आणि न्याहारीला परत आली, अशा अर्थाचे. इतकं कौतुक असूनही पट्टी नाही.

१८१७ मधून खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर घेतले आणि १८१८ मधून फक्त १ जानेवारीचं कोरेगाव. त्यानंतरचं १८१८ पूर्ण रिकामं आहे. २० फेब्रुवारीला सोलापूर जिल्ह्यातल्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले आणि साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले. राजकारणाच्या हिशेबानं पेशवाईचा खरा शेवट तिथे झाला. पट्टी नाही. सिंहगड, पुरंदर, सोलापूर, रायगड, त्र्यंबक, कशालाच नाही. मालेगावच्या भुईकोटातल्या अरबांनी मे-जूनमध्ये जवळजवळ चार आठवडे झुंजवलं, इंग्रजांची दोनशेवर माणसं जायबंदी झाली किंवा मेली, तरीही नाही. एखाद्या गोलंदाजानं १८१८ चा सगळा उन्हाळा एका किल्ल्यावरून दुसऱ्या किल्ल्यावर तोफा ओढत काढला असेल आणि खडकीला तो नसेल, तर त्याच्या वाट्याला शून्य.

उत्तरेकडे पाहिलं तर निवडीमागचा कल आणखी स्पष्ट होतो. १८०५ मध्ये इंग्रज सेनापती जनरल लेक यानं भरतपूरवर चार हल्ले केले आणि चारही फसले. त्यात मेलेल्या-जगलेल्यांना काही नाही. १८२६ मध्ये तोच किल्ला पडला, त्याला पट्टी आहे. १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांनी इंग्रज कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली. त्या पिछेहाटीतून जगून आग्र्याला पोहोचलेल्याइतकं सोसलेलं क्वचितच कुणी असेल. त्यालाही काही नाही. पदक विजयाचं होतं, शिपायाच्या सोसण्याचं नव्हे. जगातली बहुतेक पदकं अशीच असतात, त्यामुळे त्याचा फार राग धरण्यात अर्थ नाही. आष्टी का गाळली याचं मात्र मला नवल वाटतं. ती तर त्यांनी जिंकली होती.

खडकी-पुण्याचा हिशेब कारकुनी डोक्याचा नमुना आहे. तिथे एक नव्हे, तीन पट्ट्या काढल्या : ‘खडकी’, ‘पुणे’ आणि ‘खडकी आणि पुणे’. ५ नोव्हेंबर १८१७ ला कर्नल बर याची तुकडी गणेशखिंडीच्या मैदानात बापू गोखल्यांच्या घोडदळासमोर उभी राहिली. चिखलानं स्वारांची धाव तुटली, पेशव्यांचे सरदार मोरो दीक्षित तोफेच्या माऱ्यात पडले आणि बाजीराव पर्वतीवरून बघत राहिला. १३ तारखेला शिरूरकडून जनरल स्मिथ मोठी फौज घेऊन आला, १६ तारखेला येरवड्याच्या बाजूनं नदी उतरून लढाई झाली आणि १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजी निशाण चढलं. बरच्या तुकडीतला जो ५ ला जखमी होऊन पडला त्याला ‘खडकी’. स्मिथबरोबर आला त्याला ‘पुणे’. दोन्हीकडे होता त्याला दोन पट्ट्या द्यायला हव्या होत्या, त्याऐवजी एक जोडपट्टी दिली. सीताबर्डी-नागपूरचंही तसंच. २६-२७ नोव्हेंबरला टेकड्यांवर इंग्रज वकील जेनकिन्स याच्या रेसिडेन्सीचं रक्षण झालं, १६ डिसेंबरला आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेशी शहराबाहेर लढाई झाली, दोन्हीकडे असलेल्याला एकच लांब पट्टी. भरतपूरजवळच्या डीगला मात्र लढाईची वेगळी आणि किल्ला घेतल्याची वेगळी, अशा दोन पट्ट्या एकाच माणसाला मिळू शकत. मराठी मुलखातल्या दोन लढायांची एक पट्टी आणि डीगच्या एका मोहिमेच्या दोन, याला पटणारं कारण मला दिसत नाही.

कोरेगाव : पट्टी आणि खांब

एकाच लढाईची दोन स्मारकं शेजारी ठेवून पाहायची सोय कोरेगावात आहे. १ जानेवारी १८१८ ला कंपनीचा कॅप्टन स्टाँटन शिरूरहून पुण्याच्या वाटेवर होता. त्याच्याकडे पहिल्या पलटणीची दुसरी बटालियन, पूना ऑक्झिलरी हॉर्सचे स्वार आणि मद्रासचे मूठभर गोलंदाज, मिळून ८३४ माणसं. भीमेपलीकडे पेशव्यांची मोठी फौज दिसताच तो कोरेगावात शिरला. पेशव्यांनी त्यांतली सगळी उतरवली नाही. अरब, गोसावी आणि पायदळ अशा सुमारे दोन हजारांनी गावात शिरून दिवसभर घरा-घरातून झुंज दिली. कंपनीच्या लोकांना पाणी नव्हतं. एक तोफ गेली, लेफ्टनंट चिशोल्म मारला गेला, मग तोफ परत घेतली. रात्री पेशव्यांची फौज निघून गेली. स्टाँटनचे २७५ जण मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता राहिले.

कंपनीनं या दिवसाचं स्मारक तीन प्रकारे केलं. बटालियनला ग्रेनेडियर हा मान दिला. २६ मार्च १८२१ ला खांबाचा पाया घातला. आणि लढाईनंतर तेहतीस वर्षांनी पदकाला पट्टी काढली.

खांबावर पडलेल्यांची नावं आहेत, एकोणपन्नास. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ते महार शिपाई. मजकूर इंग्रजीत आहे तसा मराठीतही. खांब जिथे लढाई झाली तिथेच उभा आहे, त्याला कुणी विकू शकत नाही की परगावी नेऊ शकत नाही. बांधणाऱ्यांचा हेतू कंपनीची शान दाखवण्याचा होता यात शंका नाही. पण नावं खरी होती आणि वाचता येत होती. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले तेव्हा त्यांना आपल्या लोकांच्या लष्करी इतिहासाचा पुरावा दगडात तयार मिळाला. खुद्द त्यांचे आजोबा आणि वडील सैन्यात होते, आणि महारांची लष्करभरती सरकारनं बंद केल्याचा सल जुना होता. तिथून पुढे त्या खांबाचा अर्थ कंपनीच्या हातात राहिला नाही.

पट्टीचं तसं काही होऊ शकलं नाही. खांबावरचे एकोणपन्नास मेलेले होते, त्यामुळे त्यांच्यापैकी एकालाही पदक मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्यांची नावं लोकांनी पुढे डोक्यावर घेतली ते सगळे पदकाच्या नियमाबाहेरचे. ज्यांना पदक मिळालं ते थोडे, म्हातारे, पांगलेले; पदकावरच्या मजकुराची लिपी त्यांच्या घरात कुणाला येत नव्हती. चांदी घरात असली की अडीअडचणीला ती मोडली जाते. मुलीचं लग्न, दुष्काळाचं वर्ष, सावकाराचं देणं. किती पदकं सोनाराच्या मुशीत गेली ते मोजता येणार नाही, पण कुठल्याही मराठी घरात हा विचार करून बघा.

कडेवरचं नाव

इंग्रजी पदकांची एक चांगली पद्धत ही की ज्याला दिलं त्याचं नाव आणि पलटण कडेवर कोरतात. त्यामुळे पदक म्हणजे एक छोटा दाखला होतो. इथेही कोरलं. गोऱ्या सैनिकांच्या पदकांवर नाव सरळ ठसवलेल्या मोठ्या अक्षरांत आहे; हिंदी सैनिकांच्या पदकांवर बहुधा हातानं कोरलेल्या वळणदार रोमन अक्षरांत. संग्राहक अक्षरांचं वळण आणि १७९९–१८२६ मधली आडवी रेघ आखूड आहे की लांब हे भिंगातून पाहतात, कारण ठसे दोन होते आणि पुढे नव्यानं पाडलेली पदकंही बाजारात आली.

मराठी नाव रोमनमध्ये जाताना काय होतं ते आपण ‘गॉम’मध्ये पाहिलंच. आडनाव तेव्हा शिपायाच्या नावाला सहसा नसे. बापाचं नाव, गाव, जात यांतून माणूस ओळखला जाई आणि त्यातलं काय कोरायचं ते कारकुनाच्या मर्जीवर. एखादा नातू आज आजोबांच्या आजोबांचं पदक शोधायला निघाला, तर त्याला इंग्रजी कानानं ऐकलेलं आपलंच नाव आधी ओळखता आलं पाहिजे.

बाजारात या पदकाची किंमत पट्टीवर ठरते. आव्याची पट्टी त्यातल्या त्यात मुबलक, कारण ते युद्ध अलीकडचं आणि दोन वर्षं चाललेलं. सीताबर्डी किंवा कोरेगाव दुर्मीळ, म्हणून महाग. जिथे लढणारे मुळात थोडे आणि हयात उरले त्याहून थोडे, तिथे बोली चढते.

नंतरचं

स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्करानं जुन्या पलटणींच्या निशाणांवरचे लढाईचे मान तपासले आणि हिंदी राज्यांविरुद्ध मिळवलेले मान मिरवायचे नाहीत असं ठरवलं. पलटणी राहिल्या. कोरेगावला स्टाँटनबरोबर असलेल्या पूना ऑक्झिलरी हॉर्सचंच उदाहरण घ्या. हे घोडदळ १८१७ च्या पुणे तहातून उभं राहिलं, म्हणजे बाजीरावाच्याच सहीनं, आणि सहा महिन्यांत बाजीरावावरच चालून गेलं. तेच पुढे पूना हॉर्स झालं.

या पूना हॉर्सच्या नावावर दोन परमवीर चक्रं आहेत : १९६५ च्या युद्धातले लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मधले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. दोन्ही मरणोत्तर. परमवीर चक्राचं रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांचं. जन्मानं त्या स्वित्झर्लंडच्या, लग्नानं मराठी घरात आलेल्या. लॉरेल आणि विजयदेवतेऐवजी त्यांनी दधीचीच्या हाडांचं इंद्राचं वज्र घेतलं. आजवरच्या एकवीस परमवीरांपैकी चौदा जणांचं चक्र घरच्यांनी स्वीकारलं. तुलना सरळ नाही हे कबूल : ते शौर्यपदक, हे मोहिमेचं. पण १८५१ चा नियम लावला असता तर तारापोर आणि खेत्रपाल दोघेही अर्जाच्या पहिल्याच प्रश्नाला बाद झाले असते.